लाल दोऱ्याचे मोजे

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारचं जेवण उरकून, मी आणि माझा नवरा त्रायान क्रायोवाहून गावी जायला निघालो. दुसऱ्या दिवशी आईचा चाळिसावा होता, तिला जाऊन चाळीस दिवस होत होते. मागच्या सीटवर साखरेची पिशवी, सोललेले अक्रोड, मेणबत्त्यांचं पुडकं आणि एक नवी कोरी बादली होती. विधीचा गहू शिजवणं, पाद्रीबुवांना बोलावणं, गावजेवण हे सगळं माझी थोरली बहीण आग्लाया बघणार होती. मला तिने आवर्जून एकच वस्तू आणायला सांगितली होती आणि नेमकी तीच मी मुद्दाम आणली नव्हती. लोकरीच्या मोज्यांचा एक जोड.

आमच्या त्या डोंगरभागात माणूस गेलं की त्याच्या नावाने वस्तू वाटतात. ताट, पेला, बादली, कपडे, पायातलं, आणि प्रत्येकाबरोबर एक पेटती मेणबत्ती. त्याला पोमाना म्हणतात. घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात. त्याने म्हणायचं ‘बोगदाप्रोस्ते’, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि मग ती वस्तू तिकडे गेलेल्या माणसाला पोचते, असं सगळे धरून चालतात. मी सत्तावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. वस्तू इथून तिथे नेमकी कशी जाते ते मला एकदा समजावून सांग, असं मी आग्लायाला फोनवरच विचारलं.

“मेलेल्या माणसाचे पाय गार पडत नाहीत, ताई,” मी म्हणाले.

“तुझी जीभ तर गार पडत नाहीच,” ती म्हणाली. “मोजे आण.” आणि तिने फोन ठेवला.

आता खरी गोष्ट सांगते. ती तोवर मी त्रायानलासुद्धा सांगितली नव्हती. आई इस्पितळात होती ती ऑक्टोबरात. हीटिंग एक नोव्हेंबरला सुरू होतं, असा नियम. बाहेर बर्फ पडो नाहीतर वॉर्डातल्या बायका कुडकुडून मरोत, नियम म्हणजे नियम! खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, आणि नर्सबाई स्वतः दोन स्वेटर घालून मला सांगायची की हवा तशी काही गार नाही. आई पलंगाच्या कडेला बसून टाचा जमिनीवर आपटायची. दोनदा उजवी, मग थांबून एकदा डावी. ठक-ठक... ठक. जन्मभराची सवय तिची, पाय गार पडले की. मला म्हणाली, “लुक्रेत्सिया, माझे करडे मोजे आण गं.” मी व्यवस्थापकाशी भांडायला निघाले होते, तावातावात होते. मी म्हणाले, “उद्या आणते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे पर्समध्ये घेऊन पोचले, तर पलंग रिकामा होता. तिला शेवटचे कपडे घालताना पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. आग्लायाने शेवटी तागाच्या फडक्यात पाय गुंडाळले. मी शेजारी उभी होते. मोजे माझ्या पर्समध्ये होते. काढले असते तर आईने ते मागितले होते, हे सगळ्यांना कळलं असतं. मी काढले नाहीत. त्या दिवसापासून चाळीस दिवस ती पर्स मी खांद्यावरून उतरवली नव्हती. म्हणून दुकानात जाऊन आईच्या नावाने दुसरे मोजे विकत घ्यायला माझे पाय वळेनात. राग मात्र मी सगळा पोमानेवर काढला.

तर घाट चढायला लागलो आणि गाडीच्या पुढून वाफ यायला लागली. त्रायान उतरला, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि हात पुढे करून म्हणाला, “मोजे काढ.”

माझा हात पर्सवर गेला. “कसले मोजे?”

“पायातले गं, नायलॉनचे. पंख्याचा पट्टा तुटलाय. त्याच्या जागी बांधतो.”

आमच्याकडच्या प्रत्येक नवऱ्याला हा उपाय ठाऊक आहे आणि प्रत्येक बायकोला त्याचा संताप येतो. “आणि मी काय करू? उघड्या पायांनी चाळिसाव्याला जाऊ?”

“गाडीत बसून जायचंय तुला. चल, काढ लवकर.”

मी काढले. तीन किलोमीटर गेलो असू. मग माझे मोजे फाटकन तुटले आणि गाडी रस्त्याच्या कडेला बसली ती बसलीच. साडेतीन वाजले होते. धुकं दरीतून वर येत होतं. एकामागून एक तीन गाड्या गेल्या. दोघांनी पाहिलंही नाही. तिसरीत काळी टोपी घातलेले एक दाढीवाले पाद्री होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि ॲक्सिलेटर दाबला! मी गाडीमागे धावत जाऊन जे ओरडले, त्यातला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

“खालच्या गावात कुणीतरी असेल,” त्रायान म्हणाला. “तासाभरात येतो. तू आत बस, काचा लावून घे.”

तो धुक्यात शिरला. त्याच्या बुटांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

गाडी लवकर गार पडते. आधी काचा गार झाल्या, मग सीट, मग माझी उघडी पावलं. बोटं बधिर झाली. मी टाचा आपटायला लागले आणि एकदम थांबले, कारण मी दोनदा उजवी आपटली होती आणि मग थांबून डावी. मला माझाच राग आला. दार उघडून बाहेर आले. तेव्हा दिसलं की रस्त्याच्या वरच्या अंगाला, वीसेक पावलांवर एक घर आहे आणि त्याच्या खिडकीत उजेड आहे. येताना ते दिसलं कसं नाही, कोण जाणे. धुकं होतंच म्हणा.

अंगणात कुत्रं होतं. ते भुंकलं नाही. नुसतं बाजूला सरलं. दार उघडंच होतं आणि दारात एक म्हातारा उभा होता. उंच, वाकलेला, मेंढीच्या कातड्याची टोपी, अंगात धुतलेला पांढरा सदरा.

“या बाई. गाडी बसली ना?”

“बसली. आणि तिघं जण न थांबता निघून गेले. माणसं आहेत की कोण!”

“असतं तसं,” तो म्हणाला. “घाईत असतात बिचारे. बसा. मी नेआगू.”

आत उबदार होतं. मेणाचा वास होता, सुकलेल्या तुळशीचा आणि उकडलेल्या गव्हाचा. मी बसले आणि मग खोलीकडे नीट पाहिलं. भिंतीला लागून बादल्या होत्या, बारा-पंधरा तरी, सगळ्या नव्या, प्रत्येकीच्या कडीला नवा टॉवेल बांधलेला. फळीवर पेले, वाडगी, ताटं. एकही वापरलेलं वाटत नव्हतं. प्रत्येकाच्या काठावर मेणाचा एक थेंब गोठलेला होता आणि प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला होता. चुलीकडे पाहिलं. चुलीत जाळ नव्हता. राखसुद्धा नव्हती.

“दुकान आहे का तुमचं?” मी विचारलं.

“छे. लोक देतात. घाटात कुणाची गाडी अडली, घोडा बसला, तर मी दार उघडायचो. लक्षात ठेवतात लोक. मला माझं असं कुणी नाही, पण बघा, काही कमी नाही.”

त्याने माझ्यासमोर घेवड्याच्या सूपचं वाडगं ठेवलं. वाडग्याच्या काठावर मेणबत्तीचं टोक चिकटलेलं होतं. सूप गरम होतं. मी इतकी गारठले होते की काही न विचारता ओरपायला लागले. तो समोर बसून माझ्याकडे पाहत होता, आपलं कुणी जेवताना पाहावं तसा. चाळीस दिवसांत कुणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. सगळ्यांशी मी भांडलेच होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

“पाय उघडे आहेत तुमचे,” तो म्हणाला.

तो पेटीकडे गेला आणि मोज्यांचा जोड घेऊन आला. जाड, करडी लोकर, लाल दोऱ्याने एकत्र बांधलेले. माझ्या मांडीवर ठेवून तो वाट पाहत उभा राहिला. त्याला काय ऐकायचंय ते मला कळलं. त्या भागात जन्मलेल्या प्रत्येकाला कळलं असतं. पण मी कुणाच्या मनासारखं वागायच्या मनःस्थितीत नव्हते.

“आभारी आहे,” मी म्हणाले.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. “असं म्हणत नाहीत, बाई.”

“मला ठाऊक आहे काय म्हणतात ते. मी म्हणत नाही. मी शिक्षिका आहे.”

“नाव तरी घ्या कुणाचं.”

“कुणाचंही नाही. मोजे तुम्ही मला दिलेत, मी घेतले, आभार मानले. संपलं.”

मी दोरा सोडून खिशात टाकला, मोजे चढवले. लोकर गरम होती. नुकतेच कुणीतरी पायातून काढून द्यावेत, इतकी. तो हळूच खाली बसला.

“तुम्ही घेतलेत ते तरी बरं झालं,” तो पुटपुटला. “आतल्या बाई काही घेत नाहीत.”

“आत कोण आहे?”

“आहेत एक. वर जाणारे आधी इथे टेकतात. चाळीस दिवस झाले असतील. रिकाम्या हातांनी आल्या, पायाला नुसती फडकी. किती वेळा म्हटलं, हे घाला माझे मोजे. तर ताठ इतक्या... म्हणतात, दुसऱ्याचे कशाला घेऊ, माझी मुलगी उद्या आणतेय.”

मी खांद्यावरची पर्स पुढे ओढली.

“उद्या वर जायचंय त्यांना. उद्यापलीकडे थांबता येत नाही कुणाला... अनवाणी जातील बहुतेक.”

आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून गार हवा येत होती आणि तिला त्या वॉर्डाचा वास होता. क्लोरीन आणि वर्तमानपत्राची शाई. आणि मग आतून आवाज आला.

ठक-ठक... ठक.

मी उठले ते थेट दाराकडे. नेआगू माझ्या आधी तिथे पोचला होता. तो चालताना मला दिसला नाही.

“नका उघडू,” तो म्हणाला. आवाज मऊच होता. “पाय उघडे आहेत त्यांचे. तुम्ही पाहिलेलं त्यांना चालायचं नाही.”

“ती माझी...”

“मला कळलं. तुमच्या आभारावरूनच कळलं. त्यांचाही असाच ताठा.”

मी पर्स उघडली. घाईत चेन अडकली. आईचे करडे मोजे बाहेर काढले आणि त्याच्यापुढे धरले. “हे द्या तिला. आत्ता द्या. मी आणले होते, दुसऱ्या दिवशी आणले होते, तिला सांगा...”

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“माझे हात त्या कामाचे नाहीत, बाई. जिवंत माणसाच्या हातात द्या. नाव घेऊन द्या. आणि घेणाऱ्याने काय म्हणायचं ते ठाऊक आहे तुम्हाला.”

*जिवंत माणसाच्या...* आतून पुन्हा आवाज आला. ठक-ठक. या वेळी दाराच्या अगदी जवळून.

मी बूट कसेबसे चढवले आणि धावले. अंगण, फाटक, उतार. रस्त्यावर आले तेव्हा धुक्यात एक कंदील डुलत येत होता. दोन घोड्यांची गाडी, लगाम धरून एक साठीपुढची बाई, आणि तिच्याशेजारी त्रायान.

“ही वेता,” त्रायान म्हणाला. “मेकॅनिक लग्नाला गेलाय. ही म्हणाली, घोड्यांनी ओढून नेऊ. आणि रात्री तिच्याकडेच राहायचं, विचारायचंही नाही म्हणाली. अगं, तुला काय झालं?”

वेता खाली उतरली होती आणि दोर सोडत होती. तिच्या पायात रबरी बूट होते, वर पोटऱ्या उघड्या, थंडीने लाल झालेल्या. मी मोजे तिच्या छातीशी धरले.

“घ्या. आधी हे घ्या.”

“अगं बाई, दम तर घे!” ती म्हणाली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा सूर बदलला. “कुणाच्या नावाने?”

“आईच्या.”

“मेणबत्ती आहे? त्याशिवाय नाही घेणार मी.”

मेणबत्त्या गाडीत होत्या. काड्या दमट होत्या. एक विझली, दुसरी पेटलीच नाही. वरून आवाज येतच होता. आता तो घाईघाईने येत होता, वाट बघून कंटाळलेल्या माणसाचा.

“या वेळी लाकडं कोण फोडतंय?” त्रायानने विचारलं.

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. तिसरी काडी पेटली. वेताने मोजे आणि मेणबत्ती दोन्ही हातांत घेतले. सत्तावीस वर्षं मी मुलांना जे शिकवलं ते सगळं तिथे आडवं आलं होतं. शेवटी मी म्हणाले, “साफ्ताच्या नावाने. माझ्या आईच्या. तिला म्हणावं, उशीर झाला.”

“बोगदाप्रोस्ते,” वेता म्हणाली.

आवाज थांबला. ठक-ठकच्या मधोमध, दुसरा ठक न येता थांबला. मी रस्त्यावर बसून रडले. त्रायान नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. तो पाद्री, ते इस्पितळ, तो नियम, कुणालाही मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण त्या संध्याकाळी कुणीतरी ऐकलं, एवढं मी मानते. ते कोण, ते पाद्रीबुवांनी मला शिकवू नये.

वेताने तिथेच बसून मोजे पायात घातले. “वर नेआगूकडे बसली होतीस ना?” ती सहज म्हणाली. “बरं केलंस. थंडीत तो कुणाला बाहेर ठेवत नाही. जाऊन चार वर्षं झाली त्याला, पण सवय कुठली सुटतेय. आम्ही गावातले सगळे देतो त्याच्या नावाने.”

मी वर पाहिलं. घर होतं. खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या.

“काही घेतलंस त्याच्याकडून?” वेताने विचारलं.

मी बुटातून वर आलेली करडी लोकर दाखवली.

“आणि काय म्हणालीस?”

“आभारी आहे म्हणाले.”

वेताचा हात दोरावरच थांबला. तिने घाईने क्रूसाची खूण केली. “कुणाचंच नाव नाही घेतलंस?... मग ते तुझ्याच नावाने झालं, बाई. काही जण जिवंतपणी स्वतःची पोमाना करून ठेवतात, तसं. तुझे मोजे तिकडे तयार झाले.” एवढं बोलून ती घोड्यांना हाकायला लागली. त्यानंतर रात्रभर तिने आम्हाला खाऊ घातलं, स्वतःचा पलंग दिला, पण या विषयावर एक शब्द बोलली नाही.

याला आता सहा वर्षं झाली. आईची पोमाना मी दर वर्षी करते, आग्लायापेक्षा जास्त वस्तू देते, आणि ती मला हसते. नेआगूच्या नावानेही देते. त्याचे ते मोजे मात्र त्या रात्रीनंतर मी पायात घातले नाहीत. लाल दोऱ्यासकट वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. किल्ली माझ्याकडे असते. दुसऱ्या वर्षी पाहिलं तर टाचा पातळ झाल्या होत्या. कसर लागली असेल म्हणून डांबराच्या गोळ्या टाकल्या. मागच्या वर्षी उजव्या टाचेला सरळ भोक होतं. न घातलेल्या मोज्याला, रोज कुणी चालत असावं तसं.

परवा पुडकं उघडलं. उजव्या मोज्याचं भोक लाल दोऱ्याने रफू केलेलं आहे. तिरके टाके, शेवटी गाठ न मारता दोरा दोनदा उलटा फिरवलेला. अशी रफू मी आयुष्यात एकाच बाईच्या हातची पाहिली आहे. मला इतका संताप आला! मला विचारलं का कुणी? मी अजून साठीचीही नाही, माझी तब्येत ठणठणीत आहे, एवढी घाई कसली लागलीय तुला, आई? असं मी कपाटासमोर उभी राहून मोठ्याने म्हणालेसुद्धा.

मग डावा मोजा हातात घेतला. त्याची टाच अर्धीच रफू झालेली होती आणि सुई अजून तीत टोचलेली होती. मी सुईला हात लावला. ती गरम होती.